त्याचा दाखला, माझा दाखला

माझं माहेर उदगीरच्या खाली, कर्नाटकच्या शिवंला लागून, घरात कानडी बी चालायचं आन् मराठी बी, आन् दिलं मला औशाकडं. सुंदराबाई माझं नाव. मालक लातूरला गंजात, म्हनजे अडत बाजारात, हमाली करायचे, एक दिवस पोतं उतरवून पाठ टेकून बसले ते उठलेच न्हाईत. मागं राहिलो मी आन् माझा सिद्धू. सासऱ्यानं बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतलेला, त्यांनीच हौसंनं नातवाचं नाव सिद्धार्थ ठिवलं. काय सांगू तुम्हाला, पोरगं दिसायला राजबिंडं, पन आंग वाढलं तशी समज न्हाई वाढली, बोलनं म्हनजे दोन-चार आवाज, ते बी मलाच कळायचे.

त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. मी खडी फोडायला जायची. सिद्धूला संगं न्यायची तर ते हातोड्याखाली हात घालायचं, मुकादम म्हनला, बाई, ह्याला उद्यापासून आनू नको. मग ठिवू कुठं? घरी मोकळं सोडलं तर हिरीकडं पळायचं. मग मी जुन्या लुगड्याची पट्टी काढली, एक टोक त्याच्या पायाला, एक घराच्या मेढीला, म्हनजे मधल्या खांबाला, जवळ पान्याचा तांब्या, भाकरीचा तुकडा, आन् दार लोटून गेले. सगळा दुष्काळ तसंच केलं. शेजारच्या हौसाबाईला म्हाईत व्हतं, ती माझ्याच संगं खडीवर असायची. जाताना सिद्धू वरडायचं ते पार वेशीपोवतर ऐकू यायचं, आन् हौसा म्हनायची, चल, मागं बघू नको.

मग पाऊसकाळ सुधरला, वर्षं गेली, आन् लातूर उस्मानाबादेतून फुटून येगळा जिल्हा झाला. नवे हापीस, नवे सायब, आन् त्याच वख्ताला सिद्धूसारख्या लेकरांसाठी एक वसतिगृह निघालं. मी काळजावर दगड ठिवून त्याला तिथं घातलं. तिथं पोरांना न्हाऊ-खाऊ घालायला इस्माईल म्हनून एक मानूस व्हता, देवणीचा, घरचा धंदा कापूस पिंजायचा. सिद्धू माझ्याशिवाय कुनाच्या हातचं खात नव्हतं, ते त्याच्या हातचं खायला लागलं. मी भेटायला गेले की त्याच्या मांडीला टेकून बसलेलं असायचं. मला बरं बी वाटायचं आन् जरासं वंगाळ बी वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पुढं सरकारचा हुकूम आला, असल्या लेकरांजवळ काम करनाऱ्या हरेक मानसाचा पोलिसाकडून चालचलनुकीचा दाखला पायजे. समद्यांचे आले, इस्माईलचाच येईना. लातूरवाले म्हनायचे जुनं दप्तर उस्मानाबादेत हाय, उस्मानाबादवाले म्हनायचे देवणी आता तुमच्याकडं गेली, तुमचं तुम्ही बघा. माझी ननंद देवणीला दिलेली. वसतिगृहाच्या मोठ्या बाई मला म्हनल्या, सुंदराबाई, तुम्ही तिकडं जाता, सोयरीक करताना करतो तशी जरा चौकशी करून या. मी म्हनलं, हाव, करते की. मला मोठेपना वाटला.

ननंदेनं नाव ऐकलं आन् हातातलं सूप खाली ठिवलं. म्हनली, तो इस्माईल? त्याला लेकरांजवळ ठिवलंय? आगं त्याचा धाकटा भाऊ आपल्या सिद्धूसारखाच व्हता, दुष्काळात त्याला बाजेला बांधून हा तळ्याच्या कामावर गेला, ऊन केवढं, घागर कलंडलेली, आन् परत येऊन बघतोय तर भाऊ बांधलेलाच मेलेला. फौजदार आला, पंचनामा झाला, चावडीत बसवून ठिवलं, मग दिलं सोडून. पन गाव न्हाई इसरलं.

येष्टीत मी खिडकीला डोकं लावून बसले व्हते. माझा सिद्धू वाचला आन् त्याचा भाऊ मेला, ह्यात माझी अक्कल कुठं व्हती हो? माझा तांब्या कलंडला न्हाई, एवढंच.

इस्माईल नळावर सिद्धूचे पाय धून राहिला व्हता. मी म्हनलं, भाई, तुमच्या भावाचं ऐकलं. त्यानं मान वर न्हाई केली. म्हनला, हौ बाई, मैच बांध्या था. खुल्ला छोडता तो बावडी में जाता. आन् परत पाय धुवायला लागला, बोटाबोटांतून, सावकाश. तवा मी म्हनायला पायजे व्हतं, भाई, मी बी बांधलं व्हतं. त्वांडापोवतर आलं आन् मी गिळलं.

मोठ्या बाईंला समदं सांगितलं. त्या म्हनल्या, तुम्ही आई आहात, तुमचं काय मत? मी म्हनलं, ठिवू नका त्याला. लेकराचं भ्या व्हतं, ते खरंच, पन त्याच्याकडं बघितलं की मला माझी मेढ दिसायची, आन् तो डोळ्यांपुढूनच जावा असं वाटायचं, हे बी खरं.

त्याच दिवशी त्यानं पिशवी भरली. सिद्धूनं त्याचा सदरा धरून ठिवला, एकेक बोट सोडवावं लागलं. जाताना मला म्हनला, बाई, चावल गरम नक्को देव उसकू, बोलता नै, जबान जलती. बास. आन् वाटंला लागला.

सिद्धूनं खानं सोडलं. मला बोलावून घेतलं, आन् मीच भरवायला लागले तवा मोठ्या बाई म्हनल्या, तुम्हीच आया म्हनून ऱ्हावा. मग माझा बी दाखला लागनार ना? गावात हवालदार आला, हौसाबाईला इचारलं, ही बाई कशी हाय, लेकरू कसं संभाळलं हिनं? मी तिथंच उभी व्हते. हौसा म्हनली, सायब, सोनं हाय सोनं, दुष्काळात बी लेकराला उपाशी न्हाई ठिवलं. हवालदार गेल्यावर मी म्हनलं, हौसे, त्ये का न्हाई सांगितलंस? तर माझ्यावरच चिडली, म्हनली, काय सांगू, तू जगवलंस ते सांगू का बांधलंस ते?

दाखला आला. मी तसाच मोठ्या बाईंच्या पुढं ठिवला आन् माझं समदं सांगितलं, म्हनलं, त्याला काढलं तर मला बी काढा, न्हाईतर त्याला परत बोलवा. त्यांनी दाखला फायलीत घातला आन् म्हनल्या, त्याच्या जागी मानूस घेतला आता. तुमचा दाखला आला ना? मग झालं.

मी देवणीला गेले. इस्माईल कामाला हैदराबादला गेलेला. त्याच्या बायकोनं मला सावलीला बसवलं, पानी दिलं. मी माफी मागायला लागले तर ती नवऱ्याचंच बोलनं सांगायला लागली, ये बोल्या था, माँ ने पूछना बराबर था. त्या घरात शिव्या खाल्ल्या असत्या तर मला झोप लागली असती. पुढं दोन-तीनदा गेले, पन तो न्हाई भेटला, मग ते घरच तिकडं गेलं.

मी म्हातारी होईपोवतर तिथंच नोकरी केली. लई लेकरं न्हाऊ घातली, लोक पाया पडले, मला ते पाया पडनं टोचायचं. सिद्धू पन्नाशीला आला, दाढी पांढरी झाली, आता मी आन् तो दोघंच हाव. ह्या साली तर लातूरला रेल्वेनं पानी आलं, घागरीसाठी मानसं भांडून राहिलीत. परवा वसतिगृहातली नवी पोरगी आली, म्हनली, आजी, मानूस घ्यायचाय, तुम्हाला लई अनुभव, येऊन बघता का कसा वाटतो ते. मी म्हनलं, माये, पोलिसाला बी इचार, गावाला बी इचार, लेकरांचं काम हाय, इचारायलाच पायजे. पन ऐकून घेतलं की त्या मानसाला बी समोर बसव, त्याला पुरतं बोलू दे, आन् मग ठरव. मला नेऊ नको. मी आले तर आदुगर मला माझं सांगावं लागंल.

तुम्ही आपले लिहून राहिलात, लिवा. तो कुठं असंल तिथं त्याला आन् त्याच्या लेकरांना सुखाचं असू द्या. उठते मी, सिद्धूला जेवू घालायचंय.