पिशवी न दाखवण्याच्या नियमाबाबत

मी, खाली सही करणारी, वय पंचवीस, शिक्षण पदवीपर्यंत, धंदा घरसफाईची कामं घेणं, राहणार आईसोबत भाड्याच्या घरात, लाँड्रीच्या वर. आज दुपारी बोलावल्यावरून मावशीसह पोलीस ठाण्यात हजर झाले. विचारल्यावरून सांगते ते असं.

माझ्याकडे मावशी धरून चौघी जणी काम करतात. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. ती माझ्या जन्माआधीपासून लोकांची घरं साफ करते. माझी कॉलेजची फी तिनेच भरली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. नोकरी न धरता मी हा धंदा काढला तेव्हा ती म्हणाली होती, "शिकूनसवरून शेवटी झाडूच धरलास ना, पोरी." झाडू तोच राहील, वागणूक बदलेल, असं मी तिला सांगितलं होतं.

आमच्या कामात पद्धत अशी की, काम संपलं की दारात थांबून आपली पिशवी उघडून दाखवायची. घरच्यांनी आत नजर टाकली की निघायचं. कोणी मागत नाही, तरी सगळ्या दाखवतात. मी ही पद्धत बंद केली. प्रत्येक घराला काम घेतानाच सांगितलं की, आमच्या जणी पिशवी दाखवणार नाहीत. काही घरं तेवढ्यावरून गेली. मावशीलाही नियम पटला नव्हता. ती म्हणाली, "दाखवली की आपण मोकळ्या. नाही दाखवली तर तीच पिशवी घरापर्यंत जड लागते." मी तिला सक्त मनाई केली.

सोमवारी मावशी बागेसमोरच्या इमारतीत कामाला गेली होती. त्या घरी एक बाई, त्यांचे पती आणि सासरे राहतात. सासऱ्यांना आम्ही आजोबा म्हणतो. त्यांना यंत्राशिवाय ऐकू येत नाही. दुपारी बाईंचा मला फोन आला की, आजोबांचं कानाचं यंत्र सापडत नाही, महागाचं आहे आणि त्यांच्या खोलीत फक्त मावशी गेली होती. मी तिथे गेले. मावशी घरी पोचली होती, तिलाही परत बोलावलं. बाई म्हणाल्या, "पिशवी बघितली असती तर प्रश्नच नव्हता. पण तुमचा पडला नियम." मावशी म्हणाली, "ताई, माझे कान शाबूत आहेत हो. नको ते सुद्धा ऐकू येतं. मी ते यंत्र घेऊन काय करू?" बाई म्हणाल्या, "विकशील." नंतर मला स्वयंपाकघरात नेऊन त्या म्हणाल्या, "तुझ्यावर नाही गं संशय. तू शिकलेली आहेस." मी बाहेर आले आणि मावशीला घेऊन निघाले.

बाईंनी तक्रार दिली. काल सकाळी मावशीला ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं होतं. चहा विचारला होता, असं ती सांगते. तोवर त्या इमारतीतल्या इतर घरांनीही "सध्या नको" असं कळवलं. धंदा काढताना मी साबण, फडकी, येण्याजाण्याचं भाडं, तूटफूट, आजारपणाचे खाडे, सगळं धरलं होतं. हे धरलं नव्हतं. हे कशात धरायचं ते मला अजूनही कळलेलं नाही.

आज सकाळी मी एकटी त्या घरी गेले. आजोबा खिडकीशी बसले होते. त्यांना कोणी विचारलं का, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांना काय विचारणार? यंत्राशिवाय ऐकू कुठे येतं?" मी आजोबांसमोर बसले, कानाला बोट लावलं आणि हात पसरून 'कुठे' अशी खूण केली. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढून उघडलं. यंत्र त्यात होतं. ते मोठ्याने म्हणाले, "मीच काढून ठेवलंय. दोन दिवस घर कसं छान शांत आहे." बाईंच्या पतींना हसू आलं. बाई मला म्हणाल्या, "जाऊ दे, मिळालं ना. उद्यापासून पाठव तिला."

बाईंनी तक्रार मागे घेतली आहे. वस्तू मिळाली, आता काही म्हणणं नाही, असं लिहून प्रकरण संपवावं, असं हवालदार मॅडमनी सुचवलं. मावशीही म्हणाली, "सोड ना, पोरी. घरी जाऊ." परंतु माझं म्हणणं आहे. मावशीने काही घेतलं नव्हतं, हे वाक्य जबाबात हवं. हवालदार मॅडम म्हणाल्या, "एवढ्याने काय होणार आहे?" मी म्हटलं, तरी लिहा. त्यावरून लिहिलं की, मावशीने काही घेतलं नव्हतं.

जबाब मावशीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचावा, अशी मी विनंती केली. तसा वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.

सही करण्याआधी एक गोष्ट वाढवायला सांगते. वाचून संपल्यावर मावशी उठली आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायासमोर थांबली. तिने पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने मागितली नव्हती. आत रिकामा डबा, ओली फडकी आणि कामावर घालायच्या चपला होत्या. शिपायाने वाकून आत बघितलं आणि मान हलवली. मग ती बाहेर गेली.

हेही बरोबर लिहिलं आहे.