आवाज न करणारा पंखा

(लातूर. शिकवण्यांच्या गल्लीत कॉम्प्युटर जोडून देणारं एक लहान दुकान. भर दुपार.)

नाजिया : ‘ज्यांचं एकमेकांशी पटत न्हाई, त्यांना एका डब्यात कोंबू नको, बेटा.’ अब्बांचा आवाज हाय हा, काका. मी परकर घालायची तेव्हाचा. या स्टुलावर बसून अब्बा रेडिओ उघडायचे, आन् रेडिओलाच सांगितल्यासारखं मला सांगायचे. अब्बा गेले, रेडिओ गेले, आता मी कॉम्प्युटर जोडून राहिले. पण गोष्ट तीच हाय. तुम्ही आणलेला हा बोर्ड आन् तुम्हाला पाहिजे तो प्रोसेसर, यांचं पटणार न्हाई.

रामकिशन : बसला की तो. तुम्हीच आत्ता बसवून दाखवला. खटका पण वाजला.

नाजिया : बसला, पण चालणार न्हाई. बोर्ड मागच्या पिढीचा हाय. बटन दाबलं की पंखा फिरेल, दिवा लागेल आन् पडदा काळाच राहील. मग तुम्ही म्हणाल, नाजियानं फसवलं.

रामकिशन : ते मी आत्ताच म्हणून राहिलो. फिरून फिरून नवा बोर्ड तुमच्याच कपाटातून निघणार, हे मला दारातच कळलं होतं.

नाजिया : माझा घेऊ नका. नांदेडला जा, हैदराबादला जा. न्हाईतर ज्यानं हा दिला त्यालाच विचारा.

रामकिशन : नायगावच्या मेव्हण्यानं दिला. फुकट दिला. फुकटात कोण कशाला फसवील?

नाजिया : फुकटाचं कुणी तपासून घेत न्हाई, म्हणून. बरं, बोर्ड नवा धरू. रॅम पण मग नवीच लागंल. ही बघा, तुमच्या जुन्या पट्टीची खाच इथं, नवीची तिथं. जोर लावाल तर तुटंल. आन् कॅबिनेटसोबत जो पॉवर सप्लाय येतो तो नको. ग्राफिक्स कार्डाला जोर लागतो. हलका सप्लाय लावला तर ऐन खेळात मशीन बंद पडतं.

रामकिशन : कार्ड दाखवा.

नाजिया : हे बघा. वास काय घेता काका, भाजी हाय का?

रामकिशन : ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, ते बिटकॉईन काढायच्या कामाला वर्षभर जुंपलेली कार्डं पुसून-पासून नव्या खोक्यात घालतात. जळका वास येतो म्हणाला. स्क्रूवर पेचकसाचे चरे पण बघा म्हणाला.

नाजिया : बघा मग. खिडकीपाशी न्या, उजेडात बघा. पाहिजे तर चष्मा पण देते.

रामकिशन : चरे न्हाईत. पण याला पंखे दोन, तेही लहान. लहान पंखा लई भणभणतो. मोठ्या पंख्याचं न्हाई का?

नाजिया : हाय, पण ते कार्ड जरा कमजोर हाय. गेम चालंल, चित्र थोडं साधं दिसंल.

रामकिशन : दिसू द्या साधं. आवाज नको. कॅबिनेटचा पंखा पण मोठा, हळू फिरणारा. आन् माईक वायरचा द्या. इंटरनेटची वायर पण द्या, तोकडी.

नाजिया : तोकडी?

रामकिशन : म्हणजे टेबल दाराजवळच ठेवावं लागंल असं. इंटरनेटची वायर दारातूनच आत येते. माझा पोरगा टेबल घेऊन खिडकीत जाऊन बसला तर उपयोग न्हाई.

नाजिया : कुणाला उपयोग न्हाई?

रामकिशन : कुणाला म्हणजे? तुम्ही भाग जोडा, ताई. चौकशी कशाला?

नाजिया : या दुकानात बारा गावची पोरं येतात, काका. कुणी म्हणतं लाल दिवे पाहिजेत, कुणी म्हणतं काचेचं कॅबिनेट पाहिजे. आवाज नको म्हणणारा, चित्र साधं चालंल पण माईक दाराजवळ पाहिजे म्हणणारा आजवर एक न्हाई आला. आन् ज्याला खेळायचं त्यानं जोडणीला समोर बसायचं, ही आमची रीत हाय. टेबलावर सगळं उघडं जोडते, त्याच्या हातानं बटन दाबवते, मग डब्यात घालते. पोरगा कुठं हाय?

रामकिशन : सांगितलं की, देगलूरला गेलाय. आत्याकडं.

नाजिया : आल्या आल्या म्हणालात घरी झोपलाय.

रामकिशन : देगलूरला झोपलाय.

नाजिया : हसवू नका. पलीकडच्या एका दुकानात असाच एक बाप आला होता. पोरीच्या कॉम्प्युटरात काहीतरी भरून घेतलं, ती काय लिहिती, कुणाशी बोलती, सगळं याच्या फोनवर. पोरीला कळलं त्या दिवशी तिनं मशीन बादलीत बुडवलं आन् मावशीकडं निघून गेली. अजून बापाशी बोलत न्हाई. तसलं काम इथं होत न्हाई. तुमचा बोर्ड उचला, नमस्कार.

रामकिशन : तसलं न्हाई हो काही.

नाजिया : मग कसलं?

पंचफुला : हां, इथं हायती व्हय. मला वाटलंच. ऑफिसात तपासणी हाय म्हणाले, आन् तपासणी बायामाणसाच्या दुकानात.

रामकिशन : पंचफुला? तू कशी काय इथं?

पंचफुला : तुमच्या मागं मागं. ऑटोनं. बाई, मी यांची मालकीण. ह्यांनी तुमच्याकडं काय मांडलंय ते सांगा आधी. रोज सांजंला पाय मोकळे करायला जाऊन राहिले, आन् पँटचं बूड धुळीनं भरून येतंय. चालणाऱ्याचं बूड मळतं का, तुमीच सांगा.

नाजिया : मळत न्हाई, मावशी. बसा. सांजंला हे इथं येत न्हाईत. आज पहिल्यांदाच बघते यांना. मुलासाठी गेमचा कॉम्प्युटर मागून राहिले.

पंचफुला : आनंदराजसाठी? आवं, ज्या गेमानं लेकरू खाल्लं तोच घरात आणताव?

रामकिशन : गेमानं न्हाई खाल्लं.

पंचफुला : मग कुणी? बाई, तुमाला सांगते, आमचं लेकरू लाही फुटल्यासारखं बोलायचं. शेजारीण म्हणायची, पंचफुला, तुझ्या घरात रेडिओची गरजच न्हाई. डॉक्टर करायचं म्हणून ह्या गावात बिऱ्हाड केलं, दोन वर्सं शिकवणी झाली. दुसऱ्यांदाबी नंबर आला न्हाई. त्या दिवसापासून भट्टी इझली. ताट दिलं की जेवतो, हाक मारली की बघतो, मान हलवतो. ओठ उघडत न्हाई. दवाखान्यात दावलं. ते म्हणले, बोलतं करा. कसं करायचं ते सांगितलं न्हाई. आन् सांज झाली की उठून त्या गेमाच्या दुकानात.

नाजिया : कुठल्या? यासेरच्या? मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर?

पंचफुला : तेच असंल. मी कधी चढले न्हाई.

नाजिया : थांबा, थांबा. काका, इकडं बघा. यासेर माझ्याकडूनच सामान नेतो. महिन्यापासून कुरकुरतोय, जिन्यात एक माणूस येऊन बसतो म्हणे. वर येत न्हाई, खेळत न्हाई, कुणाला काही विचारत न्हाई. यासेरला वाटलं शिकवणीवाल्यांनी पोरं मोजायला बसवलाय. एक पोरगा म्हणाला, साध्या कपड्यातला पोलीस हाय. निम्मी पोरं यायची बंद झाली भिऊन. ते तुम्हीच का?

रामकिशन : जिना स्वच्छ ठेवत न्हाई तो यासेर.

पंचफुला : आगं माय! पोटच्या पोरावर पाळत?

रामकिशन : पाळत न्हाई, पंचफुला. मला त्याचं काही पकडायचं न्हाई.

नाजिया : मग आता जिना सोडून ती पाळत घरात का आणताय?

रामकिशन : जिनाच जाऊन राहिला म्हणून. या महिन्याअखेर यासेर जागा सोडतोय. तिथं पोरींचं वसतिगृह होणार. खाली मेस, वर खोल्या. मालकाला त्यात जास्त भाडं. मला पानवाल्यानं सांगितलं. त्या रात्री जेवण गेलं न्हाई मला.

पंचफुला : मी म्हणलं वांग्यात मीठ जास्त पडलं.

रामकिशन : वांगं चांगलं होतं.

नाजिया : हाव, यासेर जाणार हे खरं हाय. गल्लीतली असली तीन दुकानं गेली, सगळीकडं खोल्याच खोल्या. पण पोरं दुसरी जागा शोधतात, काका. न्हाईतर मोबाईल हाय.

रामकिशन : तो न्हाई शोधणार. त्याला तिथं हाताला धरून नेलं ते त्याच्या शिकवणीतल्या किनवटच्या मित्रानं, धोंडप्पानं. धोंडप्पा आता पुण्याला. तिकडून गेममधूनच याच्याशी बोलतो. कॅफे बंद झाला तर हे एवढंसं तोंड उघडतं ते पण मिटंल. मोबाईल तर उशाखाली ठेवतो, चार्ज सुद्धा करत न्हाई. म्हणून म्हणलं, मशीन घरात असावं.

पंचफुला : म्हणजे लेकरू बोलतंय तिथं?

रामकिशन : बोलतं.

पंचफुला : महिन्यापासून तुमाला ठाव हाय?

रामकिशन : हाव.

पंचफुला : आन् मी सकाळ-संध्याकाळ त्याच्या तोंडाकडं बघत बसते, ते दिसत न्हाई तुमाला?

नाजिया : मावशी, पाणी घ्या. काका, मशीन घरात असावं हे पटलं मला. पण शांत पंखा? दाराजवळचं टेबल? ते कशाला?

रामकिशन : त्याची खोली पक्की हाय. दार लावलं की आतलं बाहेर येत न्हाई. वर पंखा भणभणला तर मला काय ऐकू येणार? ताई, तुम्ही भूकंपाच्या वेळी लहान असाल.

नाजिया : कडेवर होते. अम्मी अंगणात घेऊन पळाली, तेवढं सांगतात.

रामकिशन : मला मिसरूड फुटत होतं. आमचं गाव पार बसलं. दगडाच्या भिंती, वर मातीचं धाबं, सगळं माणसांच्या अंगावर. मग जवान आले, उकरायची यंत्रं आली. काम चालू असताना मधेच एक जण हात वर करायचा. हात वर झाला की यंत्र बंद, ट्रॅक्टर बंद. रडणाऱ्या बाया पदर तोंडात कोंबायच्या. अख्खं गाव श्वास धरून उभं. मग दगडाला कान लावायचा. आमची आक्का तशी सापडली. कण्हली ते मला ऐकू आलं. शेजारचा ट्रॅक्टर चालूच राहिला असता तर ऐकू आलं नसतं.

पंचफुला : देगलूरच्या वन्सं. नातवंडं खेळवून राहिल्यात आता.

रामकिशन : म्हणून यंत्राचा आवाज चालू असला की मला वाटत राहतं, खाली कुणीतरी बोलतंय आन् आपल्याला कळत न्हाई. तेवढंच. त्याचं कुठलं गुपित मला नको.

नाजिया : तुम्ही हे आधी सांगितलं असतं तर मी तुम्हाला नमस्कार केला नसता.

रामकिशन : कुणाला सांगायचं, जिन्यात बसतो म्हणून? ऑफिसात मोठा बाबू हाय मी.

नाजिया : ऐका. मशीन जोडून देते. बोर्ड नवा, कार्ड तुम्ही म्हणता ते मोठ्या पंख्याचं, सप्लाय चांगला. पंखे मी ऐकून ऐकून निवडीन. पण वायर तोकडी देणार न्हाई. टेबल कुठं ठेवायचं ते तो ठरवील. खिडकीत ठेवलं तर खिडकीत. आन् उद्या त्याला घेऊन यायचं. बटन तोच दाबणार.

रामकिशन : खिडकीत ठेवलं तर मला...

नाजिया : मग दार वाजवा, काका. चहा घेऊन आत जा. घर तुमचंच हाय.

रामकिशन : मी आत गेलो की तो गप बसतो.

नाजिया : पहिल्या दिवशी बसंल. ते मशीनला न्हाई जोडता येत मला.

पंचफुला : मी आणते त्याला उद्या. हाताला धरून आणते. पण एक सांगा मला, आनंदराजचे बाबा. बोलतो, एवढंच सांगायचं होतं ना? त्यात लपवायचं काय होतं? शिव्या देतो का? माझ्याविषयी काही बोलतो का?

रामकिशन : न्हाई गं. ‘मागं बघ’, ‘थांब, मी आलो’, असलंच काहीबाही.

पंचफुला : मग? महिनाभर एका ताटाशी बसून मला सांगितलं न्हाई तुमी. काय ऐकत होताव त्या धुळीत बसून?

नाजिया : मावशी, राहू द्या आज.

पंचफुला : न्हाई बाई, राहू देत न्हाई. सांगा.

रामकिशन : हसतो तो तिथं.

पंचफुला : कोण?

रामकिशन : आपला आनंदराज. पार पोटातून हसतो, पंचफुला, पहिल्यासारखा. परक्या पोरांसंगं असा हसतो, आन् तुझ्यासमोर जेवताना मान वर करत न्हाई. हे तुला कसल्या तोंडानं सांगायचं होतं मी?