बैल न विकणारे व्यापारी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या गावचे कापसाचे अडते, आदरणीय गफ्फारसेठ. व्यासपीठावर त्यांच्या एका हाताला बसलेले दाजीसाहेब सरनाईक आणि दुसऱ्या हाताला बसलेले कॉम्रेड मदनसिंग. आजचे सत्कारमूर्ती, गुरांचे व्यापारी श्री. भाऊसिंग, त्यांच्या सौभाग्यवती नानीबाई, चिकाच्या पडद्याआड बसलेल्या माताभगिनी, आणि शिरपूर, केनवड, कामरगाव अशा लांबच्या गावांहून भर उन्हात आलेल्या सज्जनहो,

मला बोलायला उभं केलं आहे ते मी वक्ता आहे म्हणून नव्हे. साप्ताहिक चालवणाऱ्या माणसाला ठरल्या जागेत मजकूर बसवता येतो, तेव्हा ठरल्या वेळेत भाषणही बसवता येईल, असा संयोजकांचा समज आहे. तो खोटा ठरू नये म्हणून मी लगेच मुद्द्यावर येतो.

निमंत्रणपत्रिकेत ‘गुरांचे व्यापारी’ असं छापलं आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी एक खुलासा करणं भाग आहे. भाऊसिंग सहा वर्षांपूर्वी वाशीमला आले ते सरकारचे गुप्त पोलिस म्हणून. कोणती सभा झाली, कोण काय बोललं, हे अकोल्याला कळवायचं, हे त्यांचं काम. ही गोष्ट गुपित असल्यामुळे साऱ्या गावाला ठाऊक आहे, आणि गाव सभ्य असल्यामुळे कोणी ती बोलून दाखवत नाही. मीही आत्ता बोललो नाही, असं सभेनं समजावं. यापुढे मी त्यांना व्यापारीच म्हणेन, आणि अकोल्याच्या त्यांच्या साहेबांना मोठे व्यापारी म्हणेन.

तर या व्यापाऱ्यांनी गावात घर घेतलं आणि दाराशी एक रिकामी दावण बांधली. बैल मात्र कोणी पाहिला नाही. बाजाराच्या दिवशी ते बाजारात दिसत नसत, सभेच्या दिवशी सभेत दिसत. पहिल्या रांगेत बसून गुरांचे भाव टिपून घेत. सभेत गुरांचे भाव कोणी सांगत नसे ही गोष्ट वेगळी. एकदा कॉम्रेड मदनसिंग जिनिंगच्या मजुरांपुढे फारच जोरात बोलू लागले, तेव्हा भाऊसिंगांनी हात वर करून त्यांना विनंती केली होती, “जरा हळू बोला ना भाऊ, भाव टिपायचे राहून राह्यले माहे.” आणि कॉम्रेड क्रांती थांबवून दोन वाक्यं पुन्हा बोलले होते. तेव्हा हसला नाहीत, आता का हसता?

पुढं पुढं तर भाऊसिंग आल्याशिवाय सभा सुरू करणं बरं दिसेना. ज्या सभेला सरकार घाबरत नाही ती कसली सभा? एकदा दाजीसाहेबांची सनातन धर्माची सभा आणि कॉम्रेडांची मजुरांची सभा एकाच वेळी आली. भाऊसिंग दाजीसाहेबांकडे गेले. दुसऱ्या दिवशी कॉम्रेड त्यांच्या घरी जाऊन बसले. चहा घेतला नाही. “आमची सभा काय कमी धोक्याची हाय?” एवढंच म्हणाले, पण डोळ्यांत पाणी होतं. हे मला खुद्द नानीबाईंनी सांगितलं.

गुरांच्या बाबतीत एकच अडचण आली. केनवडचा रूपला नावाचा शेतकरी, साधा माणूस, त्याला गावचं गुपित ठाऊक नव्हतं. तो खरोखरच बैलजोडी विकत घ्यायला आला आणि दावणीपाशी बसून राहिला. आता काय करणार? भाऊसिंग रिसोडच्या बाजारात गेले आणि एक जोडी घेऊन आले. आणताना कोणता बैल डाव्या अंगाला जुंपायचा आणि कोणता उजव्या, हे विचारायचं राहून गेलं. शेतकऱ्यांना सांगायला नको की एका अंगाची सवय लागलेला बैल दुसऱ्या अंगाला जुंपला तर खाली बसतो. भाऊसिंगांना आठ दिवस झोप नव्हती. पण महिन्याभरानं रूपला पेढे घेऊन आला. जोडीतला एक बैल कोणत्याही अंगाला जुंपला तरी चालतो, असा बैल पंचक्रोशीत नाही, म्हणाला. तेव्हापासून भाऊसिंगांना आपल्या खोट्या धंद्याचा खरा अभिमान वाटू लागला.

हे सगळं गमतीचं झालं. आता आपण आज इथं का जमलो, तिकडे येतो.

आपले अध्यक्ष गफ्फारसेठ यांना सभेला जायची आवड आहे. प्रत्येक सभेला जातात आणि शेवटी उभे राहून आपलं मत सांगतात. दाजीसाहेबांच्या सभेत ते उठले आणि म्हणाले, जो कसतो त्याच्या नावावर जमीन झाली पाहिजे. दाजीसाहेबांच्या माणसांनी त्यांना खाली बसवलं. कॉम्रेडांच्या सभेत ते उठले आणि म्हणाले, पोरांच्या शाळेत पहिला तास देवाधर्माचा पाहिजे, आणि संप करायचा तर मालकाशी एकदा जेवायला बसून मग करा. कॉम्रेडांच्या माणसांनीही त्यांना खाली बसवलं. मी एकदा त्यांना विचारलं, सेठ, हे उलटं का करता? यांना आवडेल ते यांना सांगा, त्यांना आवडेल ते त्यांना. म्हणाले, “तेल्याच्या घरी तेल नेऊन काय उपेग?”

भाऊसिंगांनी हे सगळं प्रामाणिकपणे अकोल्याला कळवलं. ज्या महिन्यात दाजीसाहेबांच्या सभा जास्त झाल्या त्या महिन्यात गफ्फारसेठ डावे दिसले, आणि ज्या महिन्यात कॉम्रेडांच्या झाल्या त्या महिन्यात उजवे. यंदा काँग्रेसमध्ये भांडण झाल्यापासून डावा गट, उजवा गट हे शब्द वर्तमानपत्रांत रोज येऊ लागले आहेत. मीही छापतो, लहान शब्द आहेत, कमी जागेत बसतात. ते मोठ्या व्यापाऱ्यांच्या कचेरीतही गेले आणि तिथं त्यांचे दोन रकाने झाले. मग असं घडलं की गफ्फारसेठ डावे आहेत म्हणून त्यांना जिल्ह्याबाहेर काढण्याचा हुकूम तयार झाला, आणि गफ्फारसेठ उजवे आहेत म्हणून त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट नेमण्याची शिफारस तयार झाली. दोन्ही कागद एकाच टेबलावर, एकाच दिवशी सहीसाठी आले. मोठ्या व्यापाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि भाऊसिंगांना बोलावून घेतलं.

एकच शब्द द्या, म्हणाले. डावा की उजवा. तोवर दोन्ही कागद इथंच राहतील.

तुम्ही म्हणाल, सोपं होतं. उजवा लिहायचं, सेठ मॅजिस्ट्रेट झाले असते, सगळ्यांचं भलं. पण उजवा लिहिलं असतं तर कुळांना जमीन द्या म्हणणारा माणूस सरकारच्या खुर्चीवर बसून उद्या कुळांनाच दंड करत बसला असता, कारण ती खुर्चीच तशी असते. डावा लिहिलं असतं तर सेठ, त्यांची मुलगी हुस्नाबानो, जी इथं मुलींच्या शाळेत शिकवते, आणि त्यांची अडत, सगळं उठून निजामाच्या हद्दीत गेलं असतं. शब्द एकच, पण त्यावर एक घर राहणार किंवा जाणार होतं.

याच सुमाराला भाऊसिंगांच्या दाराशी दोन सन्माननीय गृहस्थ येऊन गेले. एक सकाळी, एक दुपारी. नावं मी घेत नाही, दोघेही व्यासपीठावर आहेत. सकाळचे म्हणाले, तो मनुष्य पक्का डावा आहे, आमच्यात नाही. दुपारचे म्हणाले, तो मनुष्य पक्का उजवा आहे, आमच्यात नाही. सहा वर्षांत या दोघांचं ज्यावर एकमत झालं अशी ही पहिली गोष्ट.

शेवटी भाऊसिंग स्वतःच सेठांच्या ओट्यावर गेले. मी तिथं कापसाचे भाव विचारायला गेलो होतो, त्यामुळे पुढचं माझ्या समोर झालं.

भाऊसिंग म्हणाले, “सेठ, एकदाचं सांगून टाका. तुमी कोणत्या बाजूचे?”

सेठ म्हणाले, “कोन्त्या गोष्टीत?”

“एका गोष्टीत नाही. एकूण.”

“एकूण?” सेठांनी पानाचा डबा पुढं सरकवला. “भाऊसिंग, मी साठ वर्षांचा झालो. एकूण माणूस मले अजून भेटला नाही. तुले भेटला काय?”

भाऊसिंगांनी डब्यातलं एक पान घेतलं. मग म्हणाले, “मले तर लिवा लागते ना सेठ.”

“मग लिव. तुहं पोट हाय त्याच्यावर. मी रागावत नाही.” आणि डबा मिटता मिटता, “पण जे लिवशीन त्याच्यावर माही सही नको मागू.”

भाऊसिंग घरी गेले आणि त्यांनी उत्तर लिहिलं. ते काय लिहिलं हे कळण्याचं कारण असं की मोठ्या व्यापाऱ्यांनी ते रागानं साऱ्या कचेरीला वाचून दाखवलं. लिहिलं होतं: सदर इसम कोणत्याही अंगाला जुंपला तरी चालतो, पण चालण्याआधी कुठं जायचं ते विचारतो. सबब रकाना कोरा ठेवला आहे.

बैलाशी तुलना झाल्याबद्दल सेठांनी पुढं भाऊसिंगांना बरंच सुनावलं, ते आपण सोडून देऊ. मोठ्या व्यापाऱ्यांचं म्हणणं असं पडलं की विचारणारा बैल बाजारात ठेवू नये, आणि असा बैल ओळखता न येणारा व्यापारी तर मुळीच ठेवू नये. भाऊसिंगांची बदली मेळघाटात झाली. तिथं सभा होत नाहीत, वर्तमानपत्र जात नाही. पावसाळ्यात ताप मात्र घरोघर असतो. नानीबाई तिथं पूर्वी एकदा मरता मरता वाचल्या आहेत, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. एक शब्द लिहिला असता तर हे टळलं असतं.

काल मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा नानीबाई भांडी बांधत होत्या आणि नवऱ्याच्या नावानं बोलत होत्या. “एक शबद लिवाचा होता. तोही नाही लिवला माह्या माणसानं. इचारलं काहून, तर म्हणते, दोन्ही शबद खोटे होते, तिसरा मले येत नव्हता.” एवढं म्हणून त्यांनी एक पातेलं जरा जोरात आपटलं. मग म्हणाल्या, “बरं झालं नाही लिवला. पर मी म्हटलं असं त्याले सांगू नका.” नानीबाई, माफ करा. आज सांगितलं नाही तर कधी सांगणार?

हा निरोप समारंभ करायचा ठरला तेव्हा कोणाचं एकमत होईना. दाजीसाहेब म्हणाले, कॉम्रेड येणार असतील तर मी येणार नाही. कॉम्रेड म्हणाले, दाजीसाहेब येणार नसतील तर माझ्या येण्याला काय अर्थ? गफ्फारसेठांनी मात्र स्पष्ट विरोध केला. आपल्यावर पाळत ठेवणाऱ्याला गावानं हार घालणं ही लाजेची गोष्ट आहे, असं ते बैठकीत उभं राहून बोलले. बैठकीनं नेहमीप्रमाणे त्यांना खाली बसवलं. खाली बसल्यावर त्यांनी विचारलं, हार कोण घालणार? कोणीच ठरलं नव्हतं. “मग मी घालतो,” म्हणाले. “पण माहा इरोध हाय हे आधी सांगा लागन.” म्हणून अध्यक्षांच्या आज्ञेवरून मी जाहीर करतो की या सत्काराला अध्यक्षांचा विरोध आहे, आणि थोड्याच वेळात त्यांच्याच शुभहस्ते तो होईल.

आणखी एका गोष्टीची दखल घेतली पाहिजे. मागच्या रांगेत खांबाला टेकून एक नवे पाहुणे बसले आहेत. ते शिलाईच्या यंत्रांचे एजंट आहेत, असं त्यांनीच सांगितलं. यंत्र अजून कोणी पाहिलेलं नाही. त्यांचं गावाच्या वतीनं स्वागत. आज सकाळी त्यांनी दाजीसाहेबांना विचारलं, हे गफ्फारसेठ कोणत्या बाजूचे? दाजीसाहेब म्हणाले, आमच्या. नंतर ते कॉम्रेडांकडे गेले. कॉम्रेड म्हणाले, आमच्या. दोघांनी आधी काही ठरवलं नव्हतं, अशी माझी खात्री आहे, कारण ते एकमेकांशी बोलतच नाहीत. मग एजंटसाहेब खुद्द सेठांकडे गेले. सेठ म्हणाले, दोघंही खोटं बोलून राह्यले.

भाऊसिंग, सहा वर्षं तुम्ही आमचं सगळं ऐकून घेतलंत. दाजीसाहेबांच्या बायकोनं, कॉम्रेडांच्या आईनं, माझ्या वाचकांनीही एवढं ऐकून घेतलं नाही. गाव तुमचं ऋणी आहे. नानीबाईंना जपा, पाणी उकळून प्या, आणि मेळघाटात कधी कोणी सभा घेतलीच तर सेठांना कळवा, ते येतील.

अध्यक्षांनी, पाहुण्यांनी आणि तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभेनं ते पोटात घालावं. मागच्या रांगेतल्या एजंटसाहेबांनी मात्र काहीच पोटात घालू नये. त्यांनी ते आजच अकोल्याला कळवावं. फक्त ऐकलं तेवढंच कळवावं, आणि ज्याची बाजू कळत नसेल त्याची जागा कोरी सोडावी. आमच्या गावात तशी पद्धत आहे.