इंजिनाच्या वाती

मंगळवार होता, आणि तुम्हाला सांगते, मंगळवारी आमच्याकडे कधी काही म्हणजे काही होत नाही! नळ कोरडा, सातवी ‘ब’च्या पोरी पानिपतात अडकलेल्या, मी फळ्याशी, आणि शिपाई दारात येऊन म्हणतो, “बाई, मोडनिंबहून फोन हाय. खडू ठिवा हातातला.” मी खडू ठेवला नाही. तसाच घेऊन गेले. आमचे हे सकाळी मोडनिंबला गेलेले, आणि कशाला? कार्ब्युरेटर आणायला! जुन्या फटफटीचा! परतीच्या एस.टी.साठी स्टँडवर बाकावर बसले आणि... बसले ते बसलेच. पिशवी तेवढी परत आली. पेपरात गुंडाळलेला कार्ब्युरेटर, आणि वर माझ्यासाठी पेरू. असो.

असो कसलं! दुसऱ्या दिवसापासून घरात भेटायला येणारी माणसं, आणि परसात इंजिन! लढाईच्या वेळची फटफटी हो ती. सांगाडा रंगवून उभा, चाकं बसवलेली, नुसतं इंजिन सुटं, आणि तेही निम्मं धुतलेलं, निम्मं काळंकुट्ट. धुतलेलं म्हणजे साबणानं नाही! यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचून परसात एक यंत्र उभं केलेलं, वेपर ब्लास्टिंग! नाव वेपर, आणि वाफ औषधाला नाही! तेलाचं पिंप, पिंपाला काचेची खिडकी, दोन भोकांतून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आत, आणि तळाशी पाण्यात कालवलेली काचेची पिठासारखी भुकटी. सात रस्ता चौकात मोटारी रंगवणाऱ्या सिद्धारामअण्णांचा जुना कंप्रेसर लावला की ते गढूळ पाणी नळीतून फुस्सकन सुटतं आणि अॅल्युमिनियमवरचं तीस वर्षांचं किटण जे निघतं... धातूला ओरखडा नाही! चकाकत नाही, बरं का. साच्यातून आत्ताच काढल्यासारखं मऊ, दुधट दिसतं. म्हणून यांचा एकच नियम. घासायचं नाही!

आणि आलेल्यांचे हात बघा! एक आत्तेसासूबाई डोळ्याला पदर लावून रडत रडत परसात गेल्या त्या गेल्याच. बघते तर चिंच-राख घेऊन गिअरबॉक्सचं झाकण मांडीवर! मी धावले, “आत्याबाई, घासायचं नाही!” “मग काय पुजायचं व्हय?”

पाचव्या दिवशी माझे धाकटे दीर, हिंदुराव, इंजिनाला चपलेनं ढोसून म्हणाले, “वैनी, सुटं हाय तवर भंगारच की हे. तेराव्याला टेंपो आणतो.” का? तर घराला अडगळ! घर माझं, परस माझं, अडगळ यांना! मी म्हटलं, “आणि जोडलं तर?” ते हसले. काय हसले! “जोडून दावा, मग ऱ्हाऊ द्या हितंच. आईची आन, हात लावनार न्हाय.” आई तिथंच बसलेली, म्हणजे माझ्या सासूबाई, बजाबाई.

झालं! मी पदर खोचला. सुतकातली बाई, पिंपात हात घालून! शेजारची ईरम्मा कुंपणावरून, “अय्यो टीचरबाई, माणसं काय म्हणतील ओ?” म्हणू देत! म्हणायला काय लागतं? फक्त घासायचं नाही!

पण एक भानगड होती. फवारा मारण्याआधी इंजिनातलं प्रत्येक भोक बुजवावं लागतं. काचेची भुकटी तेलाच्या वाटेत शिरली की इंजिन खलास. आमचे हे रबरी बुचं लावायचे. ती ठेवली कुठं, हे विचारायचं कुणाला? मी कणीक लावली. पाण्याच्या फवाऱ्याला कणीक! बी.ए., बी.एड.! पिंपात खळ झाली हो, खळ!

आमच्या सासूबाईंचा लक्ष वातींचा नेम. दिवसभर कापूस वळायच्या. सुतकात ते बंद, देवाचं काही करायचं नाही. मुलगा गेला आणि हातातला कापूसही गेला. मांडीवर नुसती बोटं हलायची. त्या दिवशी खळ बघून उठल्या, कापूस घेऊन आल्या आणि म्हणतात कशा, “सूनबाई, द्येवाच्या वाती वळायच्या न्हाईत. इंजनाच्या वळल्या तर कुटं पाप लागतंय?” वळल्या की! मेणात बुडवून, भोकाच्या मापाच्या, घट्ट! “माज्या कुंडलिकाच्या इंजनाला,” म्हणाल्या. मी कंप्रेसर सुरू केला. त्याचा आवाज चांगला मोठा आहे. कुणाचं काही ऐकू येत नाही.

यांच्या हातात पाने देऊन देऊन कुठला नट कुठं ते मला पाठ! वाती उपसल्या, धुतलं, जोडलं, बाराव्याला इंजिन सांगाड्यात! तेराव्याला टेंपो गल्लीत वळतोय, आणि सासूबाई माझ्या कानाशी, “आतल्या बारक्या भोकातली वात काढली न्हवं?” “कुठल्या आतल्या?” “तू भेटायला आलेल्यांत बसली व्हतीस, तवा घातली की म्या. लई खोल.” आता बोला! तेलाची वाटच बंद! किक मारली की दोन मिनिटांत आतलं सगळं जाम. काढायची तर पुन्हा सगळं उकलायचं, आणि हिंदुराव दारात!

भोवती फिरले. बोट फिरवलं. “चकाकत न्हाय की!” “चकाकायचं नसतं.” “बरं, मारा किक.” मी म्हटलं, “किक कुठं ठरली होती? जोडून दाखवा म्हणालात, जोडलंय.” “अवो वैनी, आवाज तर ऐकू द्या...” आणि सासूबाई अशा कडाडल्या! “आवाज? थोरला भाऊ जाऊन तेरा दीस, आन दारात फटफटी वाजिवतूस व्हय रं? वरीस सरल्याबिगर वाजवायची न्हाय! शास्तर हाय!” कुठलं शास्त्र? फटफटीचं सुतक कुणी ऐकलंय? पण आईला कोण विचारणार! टेंपो रिकामा गेला. दुःखाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं. हिंदुरावांनी तेवढं मात्र पाळलं.

वर्षश्राद्ध होऊन गेलं. शास्त्र संपलं. आता दर रविवारी मी परसात फडकं अंथरते, पाने मांडते. दाराच्या चौकटीत कापूस वळत सासूबाई विचारतात, “वात काढतीस?” “काढते.” “घाई न्हाय म्हना.” “घाई कुठंय?” मग फटफटीवर एक ओलं फडकं फिरवते, हलक्या हातानं, घासायचं नाही!... आणि पाने पुसून ठेवून देते. इंजिन अजून उघडलेलं नाही.