पुलाच्या अलीकडे

हो हो, मीच ती, सुमती, मीच पेशंट — जरा मोठ्यानं बोला साहेब, खाली यंत्रमाग चालू आहेत, आमच्या नारपोलीत असंच ओरडून बोलायची सवय लागते, भांडतेय असं समजू नका. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, इकडे बसा. विम्याकडून चौकशीला माणूस येईल असं यांना कंपनीत सांगितलं होतं, पण आजच याल असं नव्हतं वाटलं. नाही, हे ड्युटीवर आहेत, ठाण्याला, फर्स्ट शिफ्ट — येतील एवढ्यात. सासूबाई देवळात गेल्यात. म्हणजे घरात मी एकटीच — पण घाबरू नका, मी काही अंगावर धावून जात नाही. हसलात. बरं झालं हसलात. पेशंट म्हटलं की माणसं आधी माझ्या हाताकडे बघतात. तुम्हीसुद्धा बघितलंत मघाशी, दार उघडलं तेव्हा — कांदा चिरत होते हो, म्हणून सुरी होती.

काय म्हणता, गोळ्या? गोळ्या नाहीत. इंजेक्शन नाही, एक्सरे नाही — तेच ना तुमचं म्हणणं, नुसतं बोलण्याचं बिल कसं काय? आमच्या आक्कांचं, म्हणजे सासूबाईंचंही तेच — बोलायचंच आहे तर घरात माणसं कमी आहेत का. पण त्या बाई शिकलेल्या आहेत, मानसशास्त्राच्या, आणि नाव तुमच्याच यादीत होतं. यांच्या कंपनीनं सगळ्यांचा विमा काढला, घरच्या माणसांसकट, तेव्हा डॉक्टरांची यादी वाटली होती. मीच शोधलं त्यात. हाडांचे, डोळ्यांचे, बाळंतपणाचे, आणि अगदी शेवटी मनाच्या दुखण्याचं एकच नाव, तेही ठाण्याला. भिवंडीत असतं तरी गेले नसते म्हणा. इथं दवाखान्याच्या बाकावर टेकलं की आपण घरी पोचायच्या आधी बातमी पोचते.

त्रास काय — सांगते ना. ठाण्याच्या बसमध्ये बसलं की कशेळीपर्यंत काही नाही. पूल दिसला की छातीत धडधडायला लागतं, तळहात ओले होतात, बस आता खाडीत जाणार असं वाटतं — जाणार नाही हे कळत असतं बरं का, पण वाटतं. मग पुलाच्या अलीकडे उतरायचं. कल्याणवरून जाऊन बघितलं, तर तिकडेही पूल आलाच. मग रोजचंच झालं, खाडीवर जाऊन बसायचं, शिफ्ट सुटायच्या वेळेपर्यंत, डबा कुत्र्यांना घालायचा आणि कामावरून आल्यासारखं घरी यायचं, हातपाय धुवायचे, चहा मागायचा —

काय झालं? लिहायचं का थांबलात?

नाही, मी नोकरी नाही करत. डबा — डबा म्हणजे — हं. आणि बाई तर ठाण्याला, पुलाच्या पलीकडे. मग मी पूल ओलांडून कशी जायचे, तेच विचारताय ना? तुम्ही हुशार आहात साहेब. माझ्या घरात इतकी माणसं, एकालाही हा प्रश्न पडला नाही.

ते पेन खाली ठेवा जरा. ठेवा ना, हात जोडते. मला लाज वाटते सांगायला, पण आता काय. पूल मला नव्हता, यांना होता. मला कळलं तेही कसं — मावरंवाली राहीबाई कशेळीहून मासे घेऊन येते, ती टोपली उतरवता उतरवता म्हणाली, वहिनी, तुमचं सायेब दिसभर आमच्या खाडीवर बसून हाय, कामाला जात न्हाय का? मी म्हटलं दुसरं कोणी असेल. संध्याकाळी यांना विचारलं तर लहान मुलासारखे रडले. कंपनीत शिल्लक रजा टाकली होती, घरातून मात्र रोज डबा घेऊन निघायचे. आता स्वतःच्या नावावर दाखवायचं तर आधी कंपनीच्या डॉक्टरकडे जावं लागतं, आणि तो डॉक्टर जेवतो कोणाबरोबर तर यांच्या साहेबांबरोबर. घरच्या माणसाचं बिल मात्र सरळ तुमच्याकडे येतं. म्हणून माझं नाव घातलं. मला वाटलं, नावापुरतंच माझं, बाईंसमोर बसतील तर हेच. पण बाईंकडे जायला पूल ओलांडायचा, आणि पुलासाठीच तर बाई. मग हेच म्हणाले, तू जा, माझं सगळं तुझं म्हणून सांग, त्या काय सांगतात ते मला घरी येऊन शिकव. आणि मी गेले. लबाडीच म्हणा. मी शिकून यायचे — श्वास कसा सोडायचा, आधी पुलाच्या तोंडाशी जाऊन नुसतं उभं कसं राहायचं, मग चार पावलं, मग परत. रविवारी आम्ही दोघं जायचो कशेळीला. माझा हात इतका घट्ट धरायचे की बांगडी रुतायची.

पण घरात कळलंच ना, ठाण्याला जाते म्हणून. आक्कांनी विचारलं, कोणाला झालंय? हे गप्प. मीही गप्प. मग माझ्यावरच आलं ते, आपोआप. त्या दिवसापासून आक्का गॅसची शेगडी दोनदा बघतात. शेजारच्या केसरीनाथभाऊंकडचं हळदीकुंकू, सगळ्या मजल्याला बोलावणं, मला नाही. माझ्या नणंदेला, सुनीतीला, बघायला माणसं आली तेव्हा आक्का म्हणाल्या, तू टेमघरला तुझ्या बहिणीकडे जाऊन ये. मी निघेपर्यंत ती माणसं आलीच, दारातच गाठ पडली. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, या कोण? आणि हे — हे हसले आणि म्हणाले, माझी बायको, हिचं जरा असंच असतं. काय असंच असतं? मी नुसती चपला घालत होते साहेब.

अहो — गेली. लाईट गेली. माग थांबले बघा. आता हळू बोला, आता भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं.

यांना कधी बरं वाटलं? गणपतीतच. आता खिडकीशी बसून पेपर वाचत पूल ओलांडतात. हो, आलं लक्षात, तुमच्याकडे गणपतीनंतरचीही बिलं आहेत. तेच विचारायला आलात ना?

ती माझी.

मी बाईंना खरं सांगून टाकलं होतं, की हे सगळं नवऱ्याचं आहे, मी निरोप्या. मला वाटलं हाकलतील. त्या म्हणाल्या, बरं, मग आता तुमचं सांगा. मी म्हटलं, माझं काही नाही. आणि साहेब, काही नाही म्हणताना जी रडायला लागले ती वेळ संपेपर्यंत. तेव्हापासून जाते. चोरून नाही, घरात सगळ्यांना वाटतं वेडीच आहे, मग जाणारच. हे म्हणतात, आता बंद कर, पुरे झालं. पण तिथं मला कोणी शेगडीवरून विचारत नाही. मला आवडतं हो जायला, ह्याचीच जास्त लाज वाटते. मागचं हवं तर कापून घ्या आमच्याकडून, मी सही करते. पण हे पुढचं बंद करू नका. यांच्या खिशातून मला कोणी पाठवायचं नाही.

थांबा. जिन्यावर यांचंच पाऊल आहे. पेन घ्या हातात. घ्या.

आलात? हे विम्याचे साहेब. हो, माझ्या चौकशीला. काही नाही, त्रास काय होतो ते विचारत होते, मी पुलाचं सांगितलं. तुम्ही सांगा ना साहेबांना. तुम्हाला माहीतच आहे सगळं. सांगा, मी आहे इथंच.

...गेले आत हातपाय धुवायला. ऐकलंत ना साहेब, काय म्हणाले ते? हसूनच म्हणाले, तसंच. हिचं जरा असंच असतं. मग लिहून घ्या. पेशंट, सुमती. आता त्यात खोटं काही राहिलं नाही. चहा — चहा राहू द्या. लाईट आली, माग सुरू झाले, आता मी काही बोलले तरी ऐकू यायचं नाही. या तुम्ही.