हत्तीची शिंक

“आजोबा, हे शिंकणाऱ्या हत्तीचं पुस्तक तुम्ही स्वतःसाठी नेताय?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून वाचनालयाच्या रांगेत मी पुढच्या आजोबांना बेधडक विचारलं.

“नातवासाठी गं. फोनवर वाचून दाखवतो.”

“अहो काका, तो आता कॉलेजात ना?” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“हो ना. हल्ली फोन उचलत नाही.”

“मग वाचता कुणाला?”

“भिंतीला! हत्ती शिंकला की शेजारीण सर्दीचं औषध पाठवते.”

“तुम्ही पण ना, काका!”

“आणि शिंकेनंतर मी अजून थांबतो हो. नातवाचं हसू संपेपर्यंत.”

घरी पोचताच मी जाहीर केलं, “आई, बाबा, दर शनिवारी पाच वाजता मी वाचनालयात असणार. तिथल्या एका आजोबांशी ठरवून आलेय. आजोबा वाचणार, हसायचं काम माझ्याकडे.”