कार्ड मारल्यानंतर

...नाही हो मॅडम, त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो — इथे पलंगावर बसा. या घरात पडलेली बाई एक पुरे! तर विमा कचेरीने तुम्हाला पाठवलंय, मी कामावर पडले की कसं ते बघायला. मग लिहा, चूक माझी. माझीच! हॉटेलच्या लाँड्रीत सतरा वर्षं चादरी धुतेय, ओली फरशी मला काय नवी आहे? तरी घसरले, उजवं मनगट मोडलं. पण त्याचं काही नाही — मजा चाललीय माझी. आमचे हे सकाळी माझी वेणी घालतात. वेणी कसली, दोरखंड वळतात — पण घालतात! हसा, हसा, शेजारीणपण हसते.

वेळ? तिथेच तर घोडं अडलंय. कार्ड मारलं साडेपाचला आणि पडले पावणेसहाला. लाँड्रीचे साहेब म्हणाले, सुटी झाल्यावर पडलीस, आता भरपाई कसली? बरोबरच आहे त्यांचं. मग आत काय करत होते? अहो, मशिनं पुसायची असतात, जाळीत अडकलेला कापूस काढायचा असतो — चालू मशिनीत हात घालू का? आणि कार्ड उशिरा मारलं की जादा वेळ दिसतो, साहेबांना वरून बोलणी बसतात. म्हणून साडेपाचला ते टाळ्या वाजवतात — "चला बायांनो, कार्डं मारा, मग आवरून घ्या." रोज. मी एकटीच कुठे, आम्ही सहाही जणी. माणूस वाईट नाही हो! मला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वाटेत एवढंच म्हणाले, कोणी विचारलं तर सांग, डबा विसरला होता म्हणून परत आत गेले — अगं बाई! हे सांगायचं नव्हतं.

तुम्ही इतकं भराभरा काय लिहिताय? काय? साहेबांनी सांगितलेलं काम ते कामच? कार्ड मारलेलं असलं तरी? म्हणजे डब्याचं सांगितलं असतं तर माझा अर्ज गेलाच होता — आणि मी त्यांनाच चांगलं म्हणत बसलेय! पण मॅडम, त्यांना त्रास होईल हो. खोडा ते. खोडा ना... थांबा. आमच्यातल्याच इस्त्रीवालीचा हात मागच्या वर्षी वाफेने भाजला, कोपरापर्यंत. तीसुद्धा कार्ड मारल्यावरच. घरी भाजले म्हणाली बिचारी, आणि आम्ही पाचही जणी खाली बघत उभ्या. मीपण.

नका खोडू. सहाही जणी लिहा. कुठे करायची सही? डाव्या हाताची आहे, वाकडी येईल — चालेल? ही घ्या. चहा? चहाबिहा काही नाही, निघा तुम्ही आता. खरंच निघा, मला पुन्हा साहेबांची दया यायच्या आत जिना उतरा!